लेक-जावई अमेरिकेत, मूल विदर्भातलं, फाईल दिल्लीत. परदेशी दत्तकाचा कुणाला अनुभव आहे का?

वानवडीची_आजी | १२ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. मी इथं बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पाककृतींच्या धाग्यांवर दोन-चार प्रतिसाद दिले असतील तेवढेच. स्वतःचा धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझी लेक आणि जावई मिनेसोटात असतात, दोघं आता तिकडचे नागरिक, ओसीआय कार्ड आहे. एक मुलगा, सात वर्षांचा. दुसरं मूल दत्तक घ्यायचं हे दोघांनी लग्नाआधीच ठरवलेलं, म्हणजे होत नाही म्हणून नाही, हे मुद्दाम सांगते कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात, तोही आवाज खाली करून. आम्ही मराठी ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे, पण माझं सगळं आयुष्य पुण्यात गेलं, छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं.

२०२३ च्या जानेवारीत त्यांनी तिकडच्या अधिकृत एजन्सीत नाव घातलं. मग होम स्टडी. म्हणजे एक बाई चार वेळा घरी येऊन पगार, कर्ज, भांडणं, लहानपण सगळं विचारून गेल्या, आणि मुलांना मारणार नाही असं लेखी घेतलं. त्यावर लेक म्हणाली माझी आई शिक्षिका होती, आम्ही पट्टी भरपूर खाल्लीय, आता पुरे. (मला हे नंतर कळलं, दोन दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही.) मग तिकडच्या इमिग्रेशनचा आय-८००ए फॉर्म, त्या मंजुरीची मुदत पंधरा महिने, ती संपत आली म्हणून परत बोटांचे ठसे, परत पैसे. गेल्या डिसेंबरात रेफरल आलं, म्हणजे मूल सुचवलं गेलं. सहा वर्षांची मुलगी, विदर्भातल्या एका संस्थेत. नाव सांगणार नाही, फोटो तर नाहीच, ते कायद्यानंही चालत नाही. इथं तिला चिमणी म्हणते.

आता आय-८०० ची (म्हणजे याच मुलीसाठीच्या फॉर्मची) तात्पुरती मंजुरी झाली, अमेरिकन वकिलातीचं आर्टिकल फाइव्हचं, म्हणजे तिला तिकडे येऊ देऊ असं पत्र झालं, आणि काराच्या (दत्तकाचं काम बघणारी दिल्लीतली केंद्र सरकारची संस्था) एनओसीची वाट बघण्यात सात आठवडे गेले. लेक रोज रात्री फोन करते, मी रोज सांगते येईल गं. कुणी यातून गेलंय का? किती लागतात?

दुसरी गोष्ट कशी लिहावी कळत नाही. चर्चमध्ये दर रविवारी उपासना संपली की बायका विचारतात, आलं का लेकरू. मागच्या रविवारी पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर प्रार्थनेत म्हटलं की प्रभूनं एका अनाथ लेकराला या कुटुंबासाठी राखून ठेवलंय. सगळे आमेन म्हणाले, मीही म्हणाले. पण घरी येईपर्यंत मला ते खटकत राहिलं, आणि का खटकलं ते अजून सांगता येत नाहीये.

मुग्धा_के | १२ जून, रात्री ११:०२

आजी, आधी खूप शुभेच्छा. आम्ही कोथरूडचे, देशातलंच दत्तक, आमचं रेफरल येईपर्यंत तीन वर्षं दोन महिने गेले, त्यामुळे सात आठवड्यांचं दुःख मी समजू शकते पण हसूही येतंय, रागावू नका.

एनओसी म्हणजे काराची ना-हरकत, ती आली की दत्तक आदेशाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. पूर्वी कोर्टात जायचा, २०२१ च्या दुरुस्तीनं जिल्हाधिकाऱ्यांकडे आला, सप्टेंबर २०२२ पासून. आदेश दोन महिन्यांत द्यावा असं कायद्यात आहे. कायद्यात आहे, एवढंच म्हणते.

आणि एक कामाची गोष्ट जी एजन्सीवाले नीट सांगत नाहीत. एनओसी आली की आदेश होईपर्यंत मुलीला प्री-अ‍ॅडॉप्शन फॉस्टर केअरमध्ये (आदेशाआधीचा तात्पुरता सांभाळ) घेता येतं, अट एवढीच की भारतातच राहायचं. तुमचं घर पुण्यात आहे, लेकीनं रजा काढून यावं, पोर तिच्याजवळ राहील. ओळखीची भाषा, ओळखीचं जेवण, आणि मग विमान. आमच्या ओळखीत एकांनी हे केलं नाही, संस्थेतून थेट विमानतळ, आणि पोरगी सोळा तास काही खाल्लीच नाही.

पेठेतला_नाना | १३ जून, सकाळी ७:२०

सुप्रभात. स्पष्ट बोलतो, सवय आहे.

१) इथं पुण्यामुंबईत जोडपी तीन-तीन वर्षं रांगेत उभी (वर मुग्धाताई आहेतच) आणि पोरं डॉलरवाल्यांना. संस्थेला परदेशी दत्तकामागे पाच हजार डॉलर मिळतात हे खरं की खोटं?

२) मूल बहुधा हिंदू घरातलं. त्याला तुम्ही बाप्तिस्मा देणार. दुष्काळात मिशनरी हेच करत होते, नाही का?

विचारण्यामागं दुसरं कारण नाही. १) आणि २) चं उत्तर मिळालं तर बरं.

मुग्धा_के | १३ जून, सकाळी ९:४५

नाना, पहिल्याचं उत्तर मी देते कारण रांगेत मीच होते. पाच हजार डॉलर खरं आहे, बालसंगोपन निधी म्हणून नियमातच लिहिलेलं आहे, पावती मिळते. देशातल्या जोडप्याकडून घेतात त्याच्या कितीतरी पट, आणि हा फरक असू नये असं माझंही मत आहे.

पण रांग मोडत नाहीत. मूल लीगली फ्री (दत्तकासाठी कायद्यानं मोकळं) झाल्यावर साठ दिवस इथल्या आणि एनआरआय पालकांसाठी, त्यात कुणी घेतलं नाही तरच परदेशी यादीत जातं. पाच वर्षांवरची मुलं, भावंडं, अपंग मुलं यांना त्या यादीत प्राधान्य असतं, कारण आपण घेत नाही. आम्हीसुद्धा फॉर्ममध्ये शून्य ते दोन वर्षं टिक केलं होतं हो. सहा वर्षांची ही मुलगी आमच्यासारख्या किती जणांच्या टिकमार्कमधून वगळली गेली असेल याचा मी काल रात्री विचार करत बसले. तेव्हा आमच्या रांगेची काळजी असेल तर ती आमच्या टिकमार्कची आधी करा.

काळा_कोट | १३ जून, दुपारी १:१०

नानासाहेबांच्या दुसऱ्या मुद्द्यावर कायद्याचं थोडं, भावनेचं आजी बघतील.

भारतात दत्तकाचा पूर्ण कायदा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ चा, त्यात बौद्ध, जैन, शीख धरून. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी यांना दत्तक घेताच येत नसे. १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली फक्त पालकत्व मिळायचं, तेही मूल सज्ञान झालं की संपलं. २००० चा बालन्याय कायदा आणि त्यातली २००६ ची दुरुस्ती आल्यावर कुणालाही, धर्म न बघता, दत्तक घेता येऊ लागलं. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं शबनम हाश्मी प्रकरणात हेच पक्कं केलं. आज २०१५ च्या कायद्याखाली आदेश झाला की मूल सर्व अर्थांनी त्या आईबापाचं, जन्मदात्या घराशी कायद्याचं नातं संपतं. आईबापाचा धर्म कोणता हा प्रश्न त्या कायद्यात येतच नाही.

दिल्लीत फाईल का फिरते त्याचंही कारण ऐका. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं की दत्तकाच्या नावाखाली पोरं बाहेर जातायत आणि त्यांचं पुढं काय होतं कुणाला पत्ता नाही. १९८४ ला न्या. भगवतींनी त्यावर नियम घालून दिले, त्यातून १९९० ला कारा. पुढे २००३ ला आपण हेग कराराला, म्हणजे परदेशी दत्तकाच्या आंतरराष्ट्रीय कराराला, मान्यता दिली. आधी पोरं लवकर जायची, आजी. फार लवकर जायची.

नसरीन_कोंढवा | १३ जून, दुपारी ३:३०

काळा कोट यांनी आमचं नाव घेतलं म्हणून. आमच्यात कफाला म्हणतात. मूल घरी आणून वाढवायचं, पण त्याच्या बापाचं नाव पुसायचं नाही. माझ्या खालाजाननी दोन मुली अशा वाढवल्या, पालक म्हणून कागद केला. आता कायद्यानं पूर्ण दत्तक घेता येतं पण सक्ती नाही, ज्याला घ्यायचं त्यानं घ्यावं, कोर्टानंही तेच सांगितलंय. नाव न पुसण्यामागचा विचार मला आवडतो एवढंच. बाकी आजी, दुआ करते.

वानवडीची_आजी | १३ जून, रात्री ९:५०

नाना, तुम्ही सरळ विचारलंत, मीही सरळ सांगते. काळा कोटांचा प्रतिसाद वाचला तेव्हापासून लिहू की नको चाललं होतं. या गोष्टी मी कधी चारचौघांत बोलले नाहीये.

गार्डियन्स अँड वॉर्ड्स म्हणतात ना, ते वॉर्ड मी. जन्म १९६१ चा, मला १९६३ ला बाबांनी आणलं. बाबा मिशन शाळेत मास्तर, आई नर्स. कोर्टाच्या कागदावर ते दोघं माझे पालक, आईवडील नव्हेत. शाळेच्या दाखल्यावर बाबांचं नाव लागलं कारण हेडमास्तर त्यांचे मित्र. रेशनकार्डावर मात्र नात्याच्या रकान्यात "पाळलेली मुलगी" असं लिहिलेलं, आणि रॉकेलच्या रांगेत तो दुकानदार ते मोठ्यानं वाचायचा. १९९४ ला बाबा गेले, चौदाव्या दिवशी चुलतभाऊ घोरपडीच्या घराचा विषय घेऊन आले. वकील म्हणाले बाई, मृत्युपत्र आहे म्हणून ठीक, नाहीतर कायद्यानं तुम्ही या घरात परक्या होता. तेव्हा मी तेहेतीस वर्षांची, पदरात पोर होतं, तीच ही लेक.

आता तुमचा प्रश्न, बाप्तिस्मा. लेक-जावयानं ठरवलंय की लगेच नाही. ती मोठी होईल, चर्चला आमच्याबरोबर येईल, तिला वाटलं तर मागेल. नावही बदलणार नाहीत. आमच्या पवित्र शास्त्रात एस्तेर राणीची गोष्ट आहे, आईबाप मेलेली मुलगी, चुलतभाऊ मर्दखय तिला मुलगी म्हणून वाढवतो. तिचं दुसरं नाव हदस्सा. दोन्ही नावं पुस्तकात राहिलीत. नसरीनताई, तुमचं वाचून मला तेच आठवलं.

दुष्काळाचं म्हणाल तर केडगावला पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मुली आणल्या, त्या नाहीतर वाटेवर मेल्या असत्या हेही खरं आणि त्या ख्रिस्ती झाल्या हेही खरं. तुम्ही त्याचा एक अर्थ लावता, आम्ही दुसरा. आणि आपल्या पुण्यातच जोतिराव-सावित्रीबाईंनी विधवा बाईचं पोर, यशवंत, दत्तक घेतला तेव्हा पेठांमधून काय कमी बोललं गेलं असेल? तो डॉक्टर झाला, १८९७ च्या प्लेगात आईबरोबर रोग्यांत राबला.

आणि हो, आता कळलं काय खटकलं ते. लहानपणी महिला मंडळातल्या बायका माझी हनुवटी धरून म्हणायच्या, प्रभूचे उपकार मान हो, राखून ठेवलं तुला. मी उपकार मानत मोठी झाले. ताटात वाढलेलं आवडलं नाही असं मी लग्न होईपर्यंत कधी म्हणाले नाही.

मुग्धा_के | १३ जून, रात्री १०:०५

आजी __/\__

पेठेतला_नाना | १४ जून, सकाळी ७:०५

माझा दुसरा मुद्दा मागे घेतो. पहिला अजून आहे.

डॅलस_देशपांडे | १४ जून, सकाळी ८:४०

धागा हायजॅक करत नाहीये पण संबंधित आहे म्हणून विचारतो, माझ्या मोठ्या भावाचा मुलगा, वय ११, वहिनी गेल्या, भावाची तब्येत बरी नसते, तर आम्ही मागच्या दिवाळीला साताऱ्याला गुरुजींना बोलावून रीतसर दत्तविधान केलं, होम केला, सब-रजिस्ट्रारकडे डीड रजिस्टर केलं, सगळे म्हणाले झालं आता घेऊन जा, आणि आता व्हिसाचं बघतो तर वकील म्हणतो हे चालत नाही, म्हणजे भारतात तो माझा मुलगा आणि अमेरिकेत नाही असं कसं असेल, आम्ही दोघंही आता भारतीय पासपोर्टवर नाही, ग्रीन कार्ड होतं आता सिटिझन झालो, काय करावं?

काळा_कोट | १४ जून, दुपारी १२:३०

देशपांडे, क्रम उलटा झाला. होम आणि डीड हे १९५६ च्या कायद्यानं ठीक, पण दोन्ही देश हेग करारात असताना परदेशी नेण्यासाठी तिकडची पात्रता आधी, मुलाची तात्पुरती मंजुरी मग, इकडची एनओसी त्यानंतर आणि दत्तक सगळ्यात शेवटी असं जावं लागतं. २०२१ पासून १९५६ च्या कायद्याखालच्या प्रकरणांनाही काराच्या ना-हरकतीची वाट केलेली आहे. शिवाय सख्खा काका म्हणून नातेवाईक-दत्तकाचं वेगळं कलमही आहे. रस्ता बंद नाहीये, पण तिकडचा हेग-प्रकरणांचा अनुभव असलेला वकील आणि इकडचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष, दोघांना एकाच वेळी धरा. आणि मुलगा १६ चा व्हायच्या आत.

बाकीच्यांनी यातून एवढं घ्या, आधी डीड करून मग व्हिसा मागायला जाऊ नका.

नवीन_सदस्य_४४१ | १४ जून, रात्री ८:१५

एवढं सगळं कशाला करता. आमच्या ओळखीत एक जण आहे, नर्सिंग होममधून डायरेक्ट बाळ मिळतं, जन्मदाखल्यावर तुमचंच नाव. चार-साडेचार लाख. व्यनि (खाजगी निरोप) करा.

काळा_कोट | १४ जून, रात्री ८:२५

मूल विकणं-विकत घेणं, बालन्याय कायदा कलम ८१, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. अ‍ॅडमिन, हा आयडी बघा. इतरांना असं कुणी भेटलं तर १०९८ ला फोन करा.

अ‍ॅडमिन | १४ जून, रात्री ९:००

आयडी बंद केला आहे, माहिती पुढे दिली आहे.

दुभाषी | १५ जून, रात्री १२:४०

हा धागा तीन दिवस वाचतेय. मी पुण्यात दुभाष्याचं काम करते, जर्मन आणि थोडं डच. धंदा कंपन्यांचा, पण वर्षातून एक-दोनदा वेगळं काम येतं. सत्तर-ऐंशीच्या दशकात इथून तान्ही असताना युरोपात गेलेली माणसं आता चाळिशी-पन्नाशीत परत येतात, आपली आई शोधायला. मूळशोध म्हणतात त्याला. त्यांच्याबरोबर जायचं, कागद वाचून दाखवायचा.

एका बाईंचं सांगते, ओळख पटणार नाही एवढं बदलून. १९८१ ला तीन महिन्यांच्या असताना गेलेल्या. घरचे फार धार्मिक, गावातल्या चर्चनं पैसे जमवून दिलेले प्रवासाला. चांगले आईबाप, त्यांनी कधी वाईट शब्द काढला नाही त्यांच्याबद्दल. इथं जुनं रजिस्टर निघालं, शाई उडालेली, मोडीसारखं गिचमिड मराठी. त्यांच्या नोंदीत शेवटी एक वाक्य होतं. "आई परत येईन असे सांगून गेली." मी ते वाचलं आणि मला भाषांतर करवेना. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग केलं.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच विचारलं, मग ती आली का? रजिस्टरमध्ये पुढं काही नव्हतं. पुढच्या ओळीवर दुसऱ्या बाळाची नोंद.

म्हणून आजी, तुमच्या पाळकसाहेबांचं वाक्य. त्या बाई म्हणाल्या होत्या की आमच्या चर्चमध्ये मी देवाची देणगी होते, पण मला देणगी करायला आधी कुणाकडून तरी घेतलं गेलं ना, त्या बाईसाठी कुणी प्रार्थना केली का. यावर मला काही बोलता आलं नाही.

नेदरलँड्सनं २०२१ ला चौकशी अहवाल आल्यावर परदेशी दत्तक थांबवलं, चीननं २०२४ ला बंदच केलं, ते उगीच नाही. पण मी बंद करा म्हणणाऱ्यातली नाही. सहा वर्षांच्या मुलीला संस्थेत अठरापर्यंत ठेवून काय साधेल तेही मला कळत नाही. मला फक्त कागदाचं म्हणायचंय. प्रत्येक कागदाची प्रत ठेवा.

पेठेतला_नाना | १५ जून, सकाळी ७:३०

पेपरात ती छोटी जाहिरात येते, बाळाचा फोटो, अमुक ठिकाणी सापडले, पालकांनी इतक्या दिवसांत संपर्क साधावा. रोज बघतो, शब्दकोड्याच्या वर असते. ती याचसाठी?

काळा_कोट | १५ जून, सकाळी १०:१५

त्याचसाठी. आईनं स्वतः सोपवलं असेल तर तिला फेरविचाराला दोन महिने. टाकून दिलेलं असेल तर शोध घ्यायचा, जाहिरात द्यायची, आणि मग बाल कल्याण समिती दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला दोन महिन्यांत, मोठ्या मुलाला चार महिन्यांत दत्तकासाठी मोकळं जाहीर करते. १९८१ ला यातलं फारसं काही नव्हतं.

पेठेतला_नाना | १५ जून, सकाळी १०:२०

आजपासून ती नीट वाचेन.

वानवडीची_आजी | २३ जून, रात्री ९:१०

दुभाषीताई, तुमचं लिहिलेलं प्रिंट काढून (नावगाव काहीच नव्हतं त्यात) पाळकसाहेबांना नेऊन दिलं. हात थरथरत होते, पंचवीस वर्षांत त्यांना मी कधी उलट बोलले नाही. त्यांनी तिथंच वाचलं, चष्मा पुसला, म्हणाले टीचर, रविवारी बघू.

काल रविवारी त्यांनी चिमणीच्या जन्मदात्रीसाठी प्रार्थना मागितली. ती कुठं आहे आम्हाला ठाऊक नाही, तुला ठाऊक आहे, असं काहीसं. मागच्या बाकावर एक बाई, माझ्याच वयाच्या, हुंदके देऊन रडायला लागल्या. का ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

एनओसी अजून नाही.

वानवडीची_आजी | ५ जुलै, दुपारी ४:००

आली!!! एनओसी आली. लेक गुरुवारी निघतेय.

मुग्धा_के | ५ जुलै, दुपारी ४:०३

पेढे!!

वानवडीची_आजी | २ ऑगस्ट, रात्री १०:३०

धागा वर काढतेय, बऱ्याच जणांनी व्यनित विचारलं म्हणून.

लेक, जावई, नातू आणि मी असे चौघं रातराणीनं गेलो. संस्थेचं नाव-गाव सांगत नाही. चांगली माणसं होती. पहिले दोन दिवस तिथंच थोडं थोडं भेटलो, मग सह्या, हमीपत्र, आणि फॉस्टर केअरमध्ये घेऊन पुण्याला आलो. जावई आणि नातू दहा दिवसांनी परत गेले, लेक कामावर बिनपगारी रजा टाकून इथं राहिलीय.

चिमणी वऱ्हाडी बोलते. मले, तुले, कायले. माझ्या शिक्षकी कानांना पहिल्या दिवशी दुरुस्त करायची खाज सुटली होती, लेकीनं डोळे वटारले म्हणून गप्प बसले. पट्टी कधीच फेकून दिलीय हो.

तिचं संस्थेत काम होतं, दारातल्या सगळ्या चपला जोडीनं ओळीत लावायच्या. बावीस जोड. आमच्याकडे आली, दारात बघते तर पाचच जोड. तिनं दोनदा मोजल्या. मग विचारलं बाकीचे कुठं गेले? आम्हाला आधी कळेचना. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर जिन्यातल्या चारही फ्लॅटच्या चपला आमच्या दारात, उंचीप्रमाणे ओळीत. समोरचे जोशी अनवाणी ऑफिसची बॅग घेऊन उभे. सोसायटीत आता सगळ्यांना माहिती झालंय, सकाळी आमच्या दारातून चप्पल न्यायची. कुणी कुरकूर केली नाही अजून.

परवा रात्री मी बाबांची फाईल काढून बसले होते, तो १९६३ चा कागद, पिवळा पडलेला. डोळे भरून आले. ही मागून आली आणि म्हणते, कायले रडून राह्यली तू? मी म्हटलं डोळ्यात काही गेलं. तर म्हणते, मंग धू ना.

एक मात्र. तिला जेवायला काय करू विचारलं की "काही बी" म्हणते. मी ओळखते तो शब्द. आम्ही रोज विचारतोय.

नसरीन_कोंढवा | २ ऑगस्ट, रात्री १०:४८

मंग धू ना 😄 जोशींना सलाम सांगा.

डॅलस_देशपांडे | ३ ऑगस्ट, सकाळी ६:५०

आजी अभिनंदन. आमचं नव्यानं सुरू झालंय, होम स्टडीची पहिली भेट झाली, पुतण्या रोज विचारतो काका तिकीट काढलं का, त्याला काय सांगायचं तेच सुचत नाही. कोटसाहेब धन्यवाद.

वानवडीची_आजी | ११ ऑक्टोबर, रात्री ९:००

आदेश झाला. बंद खोलीत सुनावणी, पंधरा मिनिटं. साहेबांनी तिला विचारलं ही कोण? तिनं सांगितलं मम्मी. मग माझ्याकडे बोट केलं, आणि ही? म्हणाली, हे चपला वाकड्या ठेवते.

आदेशावर लेक-जावयाच्या नावापुढे "दत्तक आई-वडील" आहे आणि खाली लिहिलंय की ती आता त्यांची मुलगी, सर्व बाबतींत. मी ते तीनदा वाचून घेतलं. नवा जन्मदाखला, त्यावर त्यांची नावं. काराचं हेगचं प्रमाणपत्र तिसऱ्या दिवशी ऑनलाईन आलं. पासपोर्ट चालू आहे. पुढं व्हिसाची मेडिकल, तिथं टीबीची रक्ततपासणी असते, ती पॉझिटिव्ह आली तर एक्स-रे आणि आणखी थांबणं, तेव्हा ज्यांची मुलं या वाटेवर आहेत त्यांनी विमानाची तिकिटं आधी काढू नका. आमची निगेटिव्ह यावी. मग दिल्लीला वकिलातीत.

कुणीतरी व्यनित विचारलं नागरिकत्वाचं. आयएच-३ व्हिसावर गेली की तिकडे उतरल्यावर ती आपोआप अमेरिकन नागरिक होते, २००० च्या कायद्यानं. आणि तिकडे गेल्यावर सहा अहवाल, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा-सहा महिन्यांनी.

दुभाषी | ११ ऑक्टोबर, रात्री ११:२०

आजी, आपोआप झालं तरी नागरिकत्वाचं सर्टिफिकेट हातात येईपर्यंत लेकीला स्वस्थ बसू देऊ नका. तो कायदा २००१ च्या फेब्रुवारीत लागू झाला तेव्हा ज्यांचं वय अठरावर गेलेलं होतं ते सुटले, त्यातल्या काहींच्या आईबापांनी कधी अर्जच केला नव्हता. तिकडेच वाढलेली माणसं, चाळिशीत कळतं आपण कुठलेच नाही.

पेठेतला_नाना | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

अभिनंदन. जायच्या आधी पोरीला एकदा शनिवारवाडा दाखवा. आत काही नाही म्हणा, पण दाखवा.

वानवडीची_आजी | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:००

नाना, तुम्हीच या वानवडीला चहाला. १८९० ला पंचहौद मिशनमध्ये चहा प्यायल्याबद्दल टिळक-रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं होतं, तुम्हाला लागणार नाही.

पेठेतला_नाना | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:१२

येतो. एक ते चार सोडून.

वानवडीची_आजी | २८ नोव्हेंबर, पहाटे ५:३०

काल रात्री गेल्या दोघी. मुंबई विमानतळावर काचेच्या अलीकडून जेवढं दिसलं तेवढं. झोप नाही म्हणून लिहितेय.

नाना चहाला आले होते, सांगितलं नव्हतं. चिमणीनं त्यांच्या कोल्हापुरी जोडीला ओळीत पहिला नंबर दिला.

शेवटच्या आठवड्यात एकदा तिनं ताट सरकवून सांगितलं, मले पडवळ नाही पाहिजे. लेक आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. पडवळ मीच खाल्लं.

दुभाषीताई, प्रती तीन सेट काढल्या. संस्थेचा अहवाल, पेपरातल्या जाहिरातीचं कात्रण, समितीचा आदेश, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, सगळं. एक लेकीकडे, एक बँकेच्या लॉकरात, आणि एक इथं कपाटात बाबांच्या मृत्युपत्राच्या फाईलमध्ये.

पेठेतला_नाना | २८ नोव्हेंबर, सकाळी ७:००

लॅमिनेट करू नका. नंतर शिक्का मारता येत नाही.